पंखा बंद करा

जांभळाचा सिरका घालायचा तर यीस्ट तोलायला वेगळा काटा लागतो. चार-पाच लिटर रसाला ग्रॅम-दीड ग्रॅम यीस्ट पुरतं, आणि स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा एवढ्याशा चिमटीची दखलही घेत नाही. म्हणून सोनाराकडे असतो तसा 200 ग्रॅमचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणला. (आमच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. सिरक्याच्या वाटेवर मधलं स्टेशन कोणतं लागतं, याची चर्चा मी शेजारी करत नाही.)

या नाजूक काट्याला वारा खपत नाही. मृग कोरडा, अंगाची काहिली, आणि यीस्ट तोलायचं म्हणून पंखा बंद! पंखा सुरू असला की 1.32, 1.29, 1.35 असं नुसतं नाचणं. बंद केला की आकडा थांबतो, अन् नेमका कपाळावरचा घाम टपकन पारड्यात. थेंब 0.05 ग्रॅमचा भरतो.

काटा खरा बोलतो का, हे बघायला गल्ल्यातली नाणी पुरतात. 2011 ते 2018 मधलं पाचाचं पिवळं नाणं 6 ग्रॅम, दहाचं 7.71. फक्त देव्हाऱ्यातलं, हळदकुंकू चढलेलं नाणं घेऊ नये. मोठ्या काट्याला मापून पाणी. पण 30 अंशाला लिटरभर पाणी 996 ग्रॅमच भरतं, त्या चार ग्रॅमचं खापर काट्यावर फोडू नये. आणखी एक: शून्यावर उभ्या काट्यात यीस्ट दाणा-दाणा सोडलं, तर तो ते गिळून पुन्हा शून्यच दाखवतो. म्हणून मी आधी नाणं ठेवतो, शून्य करत नाही, आणि सहाच्या पुढं मोजतो. घरचे हसतात. हसू देत.

काटे तपासायची ही खोड आजीची. ती बाजारात मोहाची फुलं विकायला न्यायची. व्यापाऱ्यानं दांडी उचलून तोललं, की म्हणायची, "आता मोह तिकडं अन् वजन इकडं ठेवून दाखवा, शेट." शेट कुरकुरायचा, पण बदलवायचा. दुसऱ्या खेपेला पारडं झुकलं, की दांडीच्या एका अंगाला चिकटवलेलं काहीतरी निघायचंच. एकदा चिंचोक्याएवढा मेणाचा गोळा निघाला. आजी तो बोटानं चेपत मला दाखवत होती, शेटकडे न बघता.

पारडी बदलून दांडीची लबाडी कळते, वजनाची नाही. लोखंडी वजनाच्या बुडाशी खळगा असतो, त्यात शिसं भरून वजन नेमकं केलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का. घेणाऱ्यानं त्यात आणखी शिसं भरलं, तर पारडी कितीही बदला, कळत नाही. आजीला हे ठाऊक होतं का, कोण जाणे. ठाऊक असतं तरी काय, मोह घेणारा दुसरा व्यापारी त्या बाजारात नव्हता.