लाईनीच्या शेवटी आमचं गाव

आमची पाणीयोजना प्रादेशिक. विहीर गिरणेच्या पात्रात, तिथून मोठ्या टाकीत, मग एकेक गाव करत सगळ्यात शेवटी आम्ही. उन्हाळ्यात पात्र कोरडं. नाशिक जिल्ह्यातल्या गिरणा धरणातून पिण्याचं आवर्तन सुटलं की विहिरीला पाणी चढतं. पण यंदा आवर्तन येऊनही आमचे नळ कोरडेच. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया तोंडावर, लेकी माहेरी यायच्या. मी गावच्या पाणी समितीत, त्यामुळे घराबाहेर पडलं की एकच प्रश्न, "भाऊ, पानी उनं का?" म्हणजे पाणी आलं का?

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी आधी हद्द समजावली. गावापुरती योजना ग्रामपंचायतीची. पाच-दहा गावांची असेल तर जिल्हा परिषदेची. आपल्या ताब्यात गावातली टाकी आणि पुढचे नळ, बस्स. म्हणून तालुक्याला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी तक्रार बाजूला ठेवली आणि वही उघडली. पंपाचं वीजबिल सगळ्या गावांच्या पाणीपट्टीतून भरायचं असतं आणि थकबाकीत आमचं नाव वरच होतं. लोक ग्रामपंचायतीत पट्टी भरत होते, पण ती वर पोचतच नव्हती.

तरी थकबाकीदार गाव एकटं आमचं नव्हतं. वरच्या गावांची बाकी असूनही त्यांच्या टाक्या भरतात, हे दाखवायचं तर आकडा हवा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर. आमच्या दोन हजार वस्तीला 1 लाख 10 हजार लिटर. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वॉलमनला सोबत घेऊन टाकीवर खुणा केल्या, पाणी कधी आलं नि किती चढलं ते लिहीत गेलो. "पाणी येत नाही" या अर्जाला "पाहतो" एवढंच उत्तर मिळतं. हा कागद मात्र साहेबांनी दोनदा वाचला आणि योजनेतल्या सगळ्या गावांच्या शिखर समितीच्या बैठकीत ठेवला.

बैठक तापली. विहिरीजवळच्या गावचे एक आप्पा म्हणाले, "विहीर आमच्या शिवारात, पहिलं पाणी आमचंच." मी म्हटलं, "आप्पा, शिवार तुमचं. पण विहीर, पंप, लाईन सरकारी पैशाची, सगळ्या गावांसाठी केलेली." ते गप्प बसले नाहीत, पण वाराप्रमाणे पाळ्या ठरल्या. व्हॉल्व्हची चावी योजनेच्या वॉलमनकडेच राहील, असं इतिवृत्तात लिहून घेतलं. माझ्या मते अख्ख्या बैठकीत कामाचं वाक्य ते एकच. चावी गावात असली की पाळी कागदावरच राहते.

बदल्यात 1 मेच्या ग्रामसभेत ठराव करावा लागला: पाणीपट्टीचं खातं वेगळं, तिचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, बाकी हप्त्यांनी. पट्टी वाढवायच्या मुद्द्यावर पुरुष मंडळी ओरडली. बायका म्हणाल्या, टँकरला देतो त्यापेक्षा कमीच आहे. ठराव झाला.

आता पाळीच्या दिवशी टाकी बहुतेक भरते. पंपाची वीज गेली तर पाळी बुडते आणि ती भरून कोण देणार, हे अजून ठरायचं आहे. पुढच्या बैठकीसाठी तोच अर्ज लिहून ठेवलाय.