फ्लोरेन्समधली कोल्हापूरच्या राजाची छत्री

फ्लोरेन्सला जायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती. कासिने बागेतली राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक, बघायची, आणि तीही सवडीनं. घुमट, पुतळे, पूल यांचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवायचं. मैत्रिणींनी लगेच मान्य केलं, कारण आम्ही चौघीही कोल्हापूरच्या आणि राजाराम कॉलेजात एकत्र शिकलेल्या. कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते हेच महाराज. आपल्याकडे या नावात नेहमी घोळ होतो. शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम, शाहू महाराजांचे चिरंजीवही राजाराम, आणि या दोघांच्या मध्ये हे १८७० मध्ये फ्लोरेन्सला वारलेले राजाराम. कॉलेज १८८० चं आणि शाहू महाराजांच्या मुलाचा जन्म १८९७ चा, एवढं लक्षात ठेवलं तरी गोंधळ मिटतो.

आमच्यातल्या दोघी म्युनिकला नोकरी करतात, एक नेदरलँड्सला असते आणि मी कोल्हापुरात. म्हणजे व्हिसाचं काम माझ्या एकटीच्याच वाट्याला. शेंगेन व्हिसा एका देशाचा मिळाला की बाकीच्या शेंगेन देशांतही फिरता येतं, पण अर्ज मात्र जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा असतो. माझे बहुतेक दिवस म्युनिकला मैत्रिणीच्या घरी जाणार होते, म्हणून अर्ज जर्मनीकडे केला आणि इटलीतल्या मुक्कामाचं बुकिंगही सोबत जोडलं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शक्य तितक्या लवकर करा, हे मी कळकळीनं सांगते, कारण सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं. फी ९० युरो, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंट्स, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, मैत्रिणीचं निमंत्रण आणि तिच्या जर्मनीतल्या परवान्याची प्रत, असा गठ्ठा झाला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबई गाठली, बोटांचे ठसे दिले आणि त्याच रात्री परत निघाले. कागदपत्रांच्या वरच्या पानावर मी कोणत्या तारखेला कुठे झोपणार याचा तक्ता लावला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी सगळ्यात आधी तोच वाचला आणि बाकीचं भराभर तपासून घेतलं.

म्युनिकहून बोलोन्यापर्यंत थेट रेल्वे आहे. इन्सब्रुक, मग ब्रेनर खिंड, मग बोल्झानो, ट्रेंटो, वेरोना. साधारण सात तास लागतात आणि विमानापेक्षा मला हेच बरं वाटलं. आल्प्स ओलांडताना खिडकीबाहेर सफरचंदांच्या बागा आणि द्राक्षांचे मांडव लागतात, स्टेशनांच्या पाट्या जर्मन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत दिसायला लागतात. बोलोन्याला गाडी बदलली की वेगवान गाडीनं चाळीसेक मिनिटांत फ्लोरेन्स. तो रस्ता जवळजवळ सगळा बोगद्यांतला आहे. व्हिसा एकच असला तरी पासपोर्ट हाताशी ठेवावा, सीमेवर पोलीस गाडीत चढून बघतात.

लांबलेल्या शनिवार-रविवारची ही सहल होती, त्यामुळे आधी काय ठरवून ठेवायचं आणि काय मोकळं ठेवायचं यावर आमचा बराच खल झाला. कॅथेड्रलचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा, घुमट चढायचा असेल तर त्याची वेळ आधीच घ्यावी लागते. कॅथेड्रलच्या परिसराचा पास तीन दिवस चालतो, पण घुमटाची घेतलेली वेळ बदलून मिळत नाही. उफिझी आणि अकाडेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. थोड्या दिवसांत दोन्ही करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रं बघायला डोळे ताजे लागतात. दुपारपर्यंत माणूस थकतो आणि मग बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोरूनही नुसता चालत सुटतो. आम्ही सरळ वाटणी केली. दोघी उफिझीला गेल्या, दोघी अकाडेमियात डेव्हिडचा पुतळा बघायला. चौघींनी सगळीकडे एकत्रच जायचं असा हट्ट धरला की अर्धा वेळ एकमेकींची वाट बघण्यात जातो. संध्याकाळी भेटून एकमेकींना काय पाहिलं ते सांगायचं, यातली मजा वेगळीच होती. डेव्हिड पाच मीटरांहून उंच आहे हे वाचलं होतं, पण त्याच्या उजव्या हाताच्या मनगटावर फुगलेली शीर बघितल्यावर मी त्या हातासमोरून हललेच नाही.

घुमट मात्र चौघींनी मिळून चढला. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर खरंच जाऊ नका, कारण जिना अरुंद आहे. पण ज्यांना जमेल त्यांनी ही चढण चुकवू नये. ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं हा घुमट १४२० ते १४३६ या काळात उभा केला, आणि तोही जमिनीपासून लाकडी मांडणीचा आधार न देता. जिना घुमटाच्या दोन कवचांच्या मधून जातो. आतलं कवच एका अंगाला, बाहेरचं दुसऱ्या अंगाला, आणि वर जावं तसं दोन्ही आपल्यावर कलत येतात. सरळ उभं राहायचं म्हटलं तरी एका बाजूला झुकावं लागतं. एका वळणावर विटा अगदी हाताशी येतात. आडव्या थरांमध्ये मधूनच एक वीट उभी लावलेली, तिच्या वरच्या थरात थोडी पुढे सरकून दुसरी उभी, अशी ती नागमोडी रांग वर चढत जाते. या उभ्या विटा आडव्या विटांना धरून ठेवतात, त्यामुळे चुना ओला असतानाही कललेला थर खाली घसरत नाही. आमच्यातली एक सिव्हिल इंजिनिअर. तिनं तिथेच थांबून बोटानं रांग दाखवत आम्हाला समजावलं, आणि मागच्या लोकांनीही न कुरकुरता ऐकून घेतलं. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण बोट कुठे चाललंय ते कळत होतं.

अर्ध्या वाटेवर जिना घुमटाच्या आतल्या सज्जात निघतो. तिथे चित्रकार वासारीनं सुरू केलेलं आणि झुक्कारीनं १५७९ मध्ये पूर्ण केलेलं अंतिम निवाड्याचं चित्र डोक्यावर येतं. खालून इवल्याशा दिसणाऱ्या आकृती जवळून प्रचंड मोठ्या आहेत. वर पोचल्यावर सगळं शहर लाल कौलांचं दिसतं, मधून आर्नो नदी. तिथूनच मी पश्चिमेला नदीकाठानं पसरलेला झाडांचा हिरवा पट्टा शोधून काढला. ती कासिने बाग.

खाण्याचे फार हाल झाले नाहीत. दोघी पूर्ण शाकाहारी, त्यांनी रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळपट पानांचा कोबी घालून शिजवलेलं दाट सार आवडीनं खाल्लं. कधीकधी त्यात डुकराचं मांस घालतात, म्हणून विचारून घ्यायचं. इथल्या पावात मीठ नसतं. पहिल्या घासाला तो अगदी बेचव लागतो, पण भाजी-सारासोबत चांगला जमतो. कॉफी उभ्यानं घेतली तर स्वस्त, बसून घेतली की दर वाढतो.

सांता क्रोचे चर्चच्या भागात फिरताना घरांच्या भिंतींवर, आपल्या डोक्याच्याही बऱ्याच वर, संगमरवराच्या छोट्या पाट्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोचं पाणी इथपर्यंत आलं होतं, असं त्यांवर कोरलेलं आहे. या पाट्यांसमोर आम्ही चौघी थबकलो. २०१९ च्या पुरात आमच्यातल्या एकीच्या घराचा तळमजला बुडाला होता. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ आहेत. फ्लोरेन्सच्या १९६६ च्या महापुरात चर्चमधला, चिमाबुएनं रंगवलेला क्रूस चिखलात गेला, ग्रंथालयांतली पुस्तकं भिजली, आणि ठिकठिकाणांहून आलेल्या तरुण पोरांनी ती एकेक करून बाहेर काढली. कोल्हापुरातही प्रत्येक पेठेत पुराच्या पातळीची अशी दगडी पाटी लावावी, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. आकडा पेपरात वाचून विसरला जातो. भिंतीवर असला की रोज दिसेल.

छत्रीसाठी एक अख्खी सकाळ मोकळी ठेवली होती. स्टेशनजवळून टी-१ ट्राम पकडायची, थोड्याच थांब्यांवर कासिने येतं. तिथून पुढे वाहन शोधू नये. नदी डाव्या हाताला ठेवून प्रवाहाच्या दिशेनं चालत राहायचं, अडीच-तीन किलोमीटर. मंगळवारी सकाळी इथे मोठा बाजार भरतो, त्यामुळे शांतता हवी असेल तर तो वार टाळावा. एप्रिल संपत आला होता, झाडांना कोवळी पालवी, पळणारी माणसं, सायकली, कुत्री. जसजसे पुढे गेलो तशी गर्दी विरळ होत गेली. ज्या ठिकाणी मुन्योने ओढा आर्नोला मिळतो, तिथे बागेच्या अगदी टोकाला छत्री आहे.

आधी कळस दिसला. मग नक्षीदार खांब, कमानी, आणि त्याखाली महाराजांचा अर्धपुतळा. तो रंगवलेला आहे. डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने, चेहरा अगदी कोवळा. चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानं तो घडवला आणि १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाउन हॉलही आखला तेच. त्यामुळे ही छत्री परकी वाटतच नाही. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या बघत आम्ही लहानाच्या मोठ्या झालो, त्यांचीच ही दूर राहिलेली भावंड.

महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघाले. समुद्र ओलांडणं निषिद्ध मानलं जायचं त्या काळात विलायतेला जाणाऱ्या पहिल्या हिंदू संस्थानिकांपैकी ते एक. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले, संस्था पाहिल्या, आणि रोजनिशी लिहिली. तीही इंग्रजीत. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय जेमतेम वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे चाल नव्हती, खास परवानगी घ्यावी लागली. बरोबरच्या मंडळींनी दोन प्रवाह एकत्र येतात ती जागा निवडली आणि आपल्या पद्धतीनं अंत्यसंस्कार केले. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा संगम ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही निवड का झाली ते सांगावं लागत नाही. परक्या गावात, थंडीच्या दिवसांत, त्या मोजक्या माणसांनी आपल्या राजासाठी संगम शोधला. हे मला त्या शहरातल्या कुठल्याही संगमरवराहून मोठं वाटतं.

आम्ही बागेतच उचललेली थोडी पांढरी फुलं कठड्याशी ठेवली. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा थांबले, आमच्याकडे बघून म्हणाले, "प्रिंचिपे इंदियानो," म्हणजे भारतीय राजपुत्र, आणि मग हातानं विचारलं, तुम्ही तिकडच्याच का? म्युनिकवाल्या मैत्रिणीला थोडं इटालियन येतं. त्याच गावच्या, असं तिनं सांगितल्यावर त्यांनी टोपी काढली. जवळच १९७८ चा, केबलनं तोललेला मोठा पूल आहे. त्याचंही नाव या छत्रीवरूनच पडलं, पोंते अल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल. रोज त्यावरून हजारो गाड्या जातात. फ्लोरेन्सकरांच्या तोंडी हा आमचा राजा नाव न कळताही रोज असतो, आणि कोल्हापुरातल्या किती मुलांना त्याची गोष्ट माहीत असेल? त्यांची रोजनिशी त्यांच्यासोबत गेलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये छापली. ती शाळा-कॉलेजांतून वाचली जायला हवी. विशीतला मुलगा नवं जग बघून काय टिपून ठेवतो, हे आपल्या पोरांना त्यांच्याच वयाच्या माणसाकडून कळेल.

परत निघालो तेव्हा नेदरलँड्सवालीनं भावाला फोन लावला. तो करवीर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. त्याला पुतळ्याचा फोटो नको होता, तो म्हणाला, "ताई, चारही बाजूंचे लेख टिपून पाठव, वर्गात लावायचेत." चौथऱ्यावर इंग्रजी आणि इटालियनबरोबर भारतीय लिपीतला मजकूरही आहे. आमच्याकडे होते ते फोटो लांबून काढलेले. बोलोन्याच्या गाडीला वेळ होता, म्हणून अर्ध्या वाटेवरून पुन्हा मागे फिरलो. अक्षर न् अक्षर लागलं पाहिजे असं त्यानं बजावलं होतं, तेव्हा एकीनं दुपट्ट्यानं ऊन अडवून धरलं, दुसरीनं एकेक बाजू जवळून टिपली, आणि तिथूनच त्याला पाठवून दिली.