लस झाली, तरी आईच्या खोलीत मास्क राहिला

कोविड लसीच्या दुसऱ्या डोसनंतरचे १४ दिवस मी मोजून काढले आणि पंधराव्या दिवशी मावशींना म्हटलं, "आता मास्क नाही लावलात तरी चालेल." २०२१ साल होतं. आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींचे दोन्ही डोस झाले होते, आमचेही.

चूक डॉक्टरांनी फोनवर लक्षात आणून दिली. आईचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ती टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट घेते. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, त्यामुळे लसीचा परिणामही अशा रुग्णांत कमी होतो. शिवाय लस घेतलेल्यालाही लागण होऊ शकते आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच ती दुसऱ्याला लागू शकते.

मावशींना पुन्हा मास्क लावायला सांगताना जीभ जड झाली. त्यांचा चेहरा उतरला. "मी स्वच्छ राहते हो ताई," त्या म्हणाल्या. मग औषधांची पाकिटं समोर ठेवून सगळं समजावलं आणि आईच्या खोलीत घरातल्या प्रत्येकाने मास्क लावायचा, असं ठरवलं. हे आधी करायला हवं होतं.

मास्क एन९५, पण झडपेचा नाही. झडपेतून लावणाऱ्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो, म्हणजे आईला त्याचा उपयोग कमी. स्पंजिंग करताना, कुशीवर वळवताना दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर येतात. वाफेने, घामाने मास्क ओला झाला की लगेच दुसरा. चहा-जेवण दुसऱ्या खोलीत, आईची खिडकी उघडी. बारा तासांच्या पाळीत मावशींना मोकळा श्वास मिळायचा तो या वेळांतच.

खरी अडचण आईची झाली. तिला कमी ऐकू येतं, पण ती इतकी वर्षं ओठ बघून समजून घेत होती, हे आम्हाला तोवर कळलंच नव्हतं. "ही बाई माझ्याशी बोलत नाही," म्हणून ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग मावशींनीच रीत बसवली: आधी खांद्याला हात लावायचा, उजेडात समोर उभं राहायचं, आणि एका वेळी एकच छोटं वाक्य. औषधाची वेळ झाली की पाटीवर लिहायचं. आईला पाटी आवडली. तीही त्यावर उत्तरं लिहायला लागली.

एका संध्याकाळी निघताना मावशी म्हणाल्या, सकाळपासून घसा खवखवतोय. मी घाबरले, चिडलेही. सकाळी का नाही सांगितलं? खाडा झाला की त्यांना कामावर पाठवणारा ब्युरो त्या दिवसाचे पैसे कापतो, म्हणून. हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्याच दिवशी त्यांना शब्द दिला: बरं नसलं तर यायचं नाही, पैसे आमच्याकडून मिळतील.

तीन आठवड्यांनी सकाळी सहाला फोन आला. "ताई, अंग मोडून आलंय, आज येत नाही." चाचणी पॉझिटिव्ह आली. आईची निगेटिव्ह.

मावशी बऱ्या होईपर्यंतचा सगळा पगार दिला. त्या दिवसांत आईचं सगळं मी एकटीने केलं, मास्क लावूनच, कारण आदल्या संध्याकाळी आईला उचलताना मीही मावशींच्या खांद्याला खांदा लावून उभी होते.