तुम्ही विचारलंत म्हणून: तण मरतं, मग मका कसा वाचतो?

इंदूरच्या कुठल्याही लग्नामुंजीत पोह्यांची बशी हातात येण्याआधी हा प्रश्न येतो. सांवेरकडच्या आमच्या शेतात मक्यातलं तण मारायला मी गॅसचा बर्नर फिरवतो, हे आता नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक झालंय.

तर, आम्ही काही जाळत नाही. ज्योत पानावरून क्षणभर जाते. तेवढ्यात पानातलं पाणी तापून पेशी फुटतात. राख नाही, मागे वळून पाहावं तर तण हिरवंच उभं. पहिल्या वर्षी मला वाटलं, गॅस वाया गेला. म्हणून दुसरी फेरी मारली आणि खरोखर वाया घालवला. खूण सोपी आहे: पान चिमटीत दाबायचं, बोटाचा गडद ठसा उमटला की काम झालं. मग ते आपसूक माना टाकतं.

मक्याचा वाढीचा कोंब पाचेक पानांपर्यंत जमिनीखालीच असतो. वरची पानं होरपळली तरी आतून नवं पान येतं. रुंद पानांच्या कोवळ्या तणाचा शेंडा उघड्यावर असतो, तो संपतो. लव्हाळा आणि हरळी मात्र खालून परत येतात, म्हणून खुरपं सुटत नाही.

सोयाबीनवरही फिरवा की, असं शेजारचे काका म्हणाले. सोयाबीनचाही शेंडा उघडाच, आणि पहिल्या-दुसऱ्या पानाला ते फारच नाजूक. नेमकं तेव्हाच मी एका ओळीवर फिरवून पाहिलं. पाहुणे आले की आई ती ओळ दाखवायची.

खर्चाचं म्हणाल तर, सबंध रानावर एक फेरी मारायला हेक्टरी साठेक किलो गॅस धरा, म्हणजे दुकानी 19 किलोचे तीन सिलिंडर. परवडत नाही. म्हणून दोन ओळींमधून डोरा, म्हणजे कोळपं, चालवतो आणि डोरा पोचत नाही त्या ओळीतल्या पट्ट्यावरच ज्योत. पावसाने उघडीप द्यावी लागते, कारण ओल्या पानावर अर्धी उष्णता पाणी सुकवण्यातच जाते. वारा पडलेला हवा. पाठीमागे पाण्याचा पंप घेतलेला माणूस हवाच. बांधावरचं वाळलं गवत एकदा पेटलं, तेव्हापासून.

आणि हो, याची नरवाई, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेली धाटं, जाळण्याशी तुलना करू नका. नरवाई पेटवली की वरची माती भाजते. इथे ज्योत थांबतच नाही, त्यामुळे खालची माती जेमतेम कोमट होते.

निंदणीला येणाऱ्या मावशी बर्नरला ‘भाऊंचा चुल्हा’ म्हणतात. लव्हाळा दिसला की मुद्दाम हाक मारून मला बोलावतात.