सोयाबडीची वही : पाचवा महिना

भाचीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते, हे कळलं त्याला दोन वर्षं झाली. मी दूध-तूप सोडलं त्याला चार. ती सुट्टीत इंदूरला आली की आम्हा दोघींना एकाच कढईतलं जेवता यावं, म्हणून ही वही सुरू केली. गहू, रवा, मैदा नाही. दही, पनीर, तूप नाही. माळव्यात राहून मग सोयाबीनकडे वळायला कितीसा वेळ लागणार? पावसाळ्यात देवासच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना तेच दिसतं, आणि सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून इथेच, खंडवा रोडवर आहे. कोरड्या सोयाबडीत (सोया चंक्समध्ये) जवळजवळ निम्मी प्रथिनं. माणशी ३० ग्रॅम घेतली तर १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जातात.

पहिले दोन महिने पटकन सांगते. रस्सा चांगला, बडी मात्र आतून पांचट. मसाला वाढवला, तेल वाढवलं, रात्रभर मुरवली, फरक नाही. मग ही बडी बनते कशी ते नीट वाचलं. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ थोड्या पाण्यासकट यंत्रात तापवतात, दाबतात आणि बारीक भोकातून बाहेर ढकलतात. बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगून जाळीदार होतं. म्हणजे बडी ही नुसती जाळी आहे, पहिल्यांदा जे मिळेल ते पिऊन बसते. आपण तिला साध्या पाण्याने गच्च भरतो, मग रश्श्याला आत शिरायला जागाच उरत नाही.

तिसऱ्या महिन्यात वजनकाटा काढला. ५० ग्रॅम कोरडी बडी उकळून हाताने हलकी पिळली, १५० ग्रॅम भरली. तीच पंचात बांधून दोन हातांनी जोर लावून पिळली, तर १०५. हे ४५ ग्रॅम म्हणजे चवीची जागा. आता मी अशी करते : मिठाच्या पाण्यात सात मिनिटं उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, गार पाण्यात दोनदा खळखळून पिळायची. पहिलं पाणी रश्श्यात वापरायचा मोह होतो, पण तो आवरा. सोयाबीनचा उग्र वास त्यात उतरतो आणि ज्या साखरांनी पोटात वायू धरतो, त्याही बऱ्याचशा त्यातूनच जातात. मग पंचात घट्ट पिळायची आणि लगेच गरम चिंचेच्या पाण्यात टाकायची. त्या पाण्यात काळा मसाला, आल्याचा रस आणि मीठ, तोंडाला जरा जास्तच वाटेल इतकं. २५ मिनिटांनी पुन्हा हलकी पिळून तेलावर परतायची, कडा तांबूस होईपर्यंत. हे पिळलेलं पाणी मात्र रश्श्यातच जातं.

रश्श्यासाठी दह्याला पर्याय शोधण्यात मी उगाच बरेच दिवस घालवले. काजूची पेस्ट, नारळाचं दूध, सगळं करून पाहिलं. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात दुधातुपाचं काही नसतंच मुळी. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, कांदा आणि शेवटी मूठभर दाण्याचं कूट. याने येणारा दाटपणा मला कुठल्याही मलईपेक्षा सरस वाटतो.

चौथ्या महिन्यात जे झालं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. दिवाळीत भाची आली. ज्वारीची भाकरी, बडीचा रस्सा, भात. गव्हाचा कण नाही अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं आणि दोन दिवस ती झोपूनच होती. मी ओट्यावरची एकेक बरणी, एकेक पाकीट काढून वाचत बसले. हिंगाच्या डबीवर सापडलं : गव्हाचं पीठ. बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ पुष्कळदा मैदा किंवा कणीक असतं. फोडणीतल्या त्या चिमटीकडे मी चार महिने पाहिलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आता तांदळाच्या पिठाचा हिंग आणते, तोही घटक वाचूनच. जिरावणात, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्यातही हिंग असतो, म्हणून तेही घरी कुटते.

हिंगानंतर ज्वारीच्या पिठाचीही शंका आली. कोपऱ्यावरच्या चक्कीत दिवसभर गहू दळला जातो, त्यावरच आमची ज्वारी. म्हणून घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही असं घरात सांगून ठेवलं. ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, बस. बडीसुद्धा सियागंजच्या बाजारातून सुटी आणायची बंद केली. पाकिटावर ग्लूटेन नसल्याचं लिहिलेलं असेल तीच घेते. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत, ही आपल्याकडची मर्यादा आहे. आणि गाड्यावरची सोया चाप नावाने सोया असली तरी तिच्यात मैदा असतो, ती बडीची बहीण समजू नका.

आता या महिन्याचं काम : वड्या. बडीचा बारीक चुरा मिळतो, तो घेतला. पाव घालता येत नाही, तेव्हा चुरा बांधायचा कशाने? उकडलेल्या बटाट्याने गोळा झाला, पण तव्यावर चिकटला आणि खाताना बटाटाच लागला. जवसाची पूड, एक चमचा पुडीला तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवून. याने छान धरलं, पण मधोमध कच्चट राहिलं. तिसऱ्यांदा आईच्या कोथिंबीर वडीची आठवण झाली. ५० ग्रॅम चुरा (मुरवून पिळलेला), ६० ग्रॅम भाजलेलं बेसन, जवसाचं ते मिश्रण, कोथिंबीर, आलं-मिरची, तीळ, लिंबू. लांब रोळा करून २० मिनिटं वाफवला, पूर्ण गार होऊ दिला, मग कापून थोड्या तेलावर दोन्हीकडून भाजल्या. सुरी स्वच्छ बाहेर आली! वरून कुरकुरीत, आतून खिम्यासारखा दाणा. सासऱ्यांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतल्या.

अडचण एक आहे. फ्रिजमधून दुसऱ्या दिवशी काढलेला रोळा कापताना कडेला तडकतो. बेसन वाढवलं की घट्ट होतो, पण चव बेसनाची येते. येत्या रविवारी दोन चमचे भिजवलेला साबुदाणा वाटून घालणार आहे. मार्चमध्ये भाची येईल, तिला डब्यात द्यायच्या आहेत, तेव्हा दोन दिवस टिकायला हव्यात. कुणी वरीचं पीठ वापरून पाहिलं असेल तर प्रमाण कळवा.