शेवटचा राम कृष्ण हरी

आमच्या ज्ञानेश्वरी वाचायच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले एक काका दर दोन-तीन महिन्यांनी कायमचे निघून जातात. जायच्या आधी लांबलचक मजकूर टाकतात. आपण कुणाचं काय वाईट केलं, माळकऱ्यांत एवढं राजकारण असेल असं वाटलं नव्हतं, आणि खाली ठरलेली ओळ: 'हा माझा शेवटचा राम कृष्ण हरी.' एवढं लिहून जात मात्र नाहीत. ऑनलाइन दिसत राहतात. मग दोन-चार भाबड्या बाया "काका, असं करू नका, तुमच्याबिगर गट सुना" असं लिहितात, कुणी जोडलेल्या हातांची रांग लावतं, आणि त्या दिवशीच्या ओव्या कुठं वर सरकून गेल्या ते कुणालाच सापडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून गुपचूप बाहेर पडायची सोय आहे. माणूस गेला की सूचना फक्त अ‍ॅडमिनला येते. आमच्याकडचे कितीतरी जण तसे गेले. कुणाला कंटाळा आला, कुणाच्या फोनमध्ये जागा उरली नाही. कुणाचं काही अडलं नाही. ज्याला निरोप समारंभ लागतो, तो जायला निघालेलाच नसतो, हे मला अ‍ॅडमिन झाल्यावर कळलं.

मी मराठवाड्यातल्या सेलूत कृषी सेवा केंद्र चालवतो. भजनी मंडळाचे टाळ-पखवाज आमच्याच गोदामात असतात, म्हणून अ‍ॅडमिनही मीच. २०२० साली पायी वारी झाली नाही, पैठणहून नाथांच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या, तेव्हा हा गट निघाला. पहाटे एकानं ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या वाचून आवाज टाकायचा, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. नऊ हजारांच्या वर ओव्या, म्हणजे एका पारायणाला अडीच वर्षं. मंदिरात बसायचो तेव्हा सगळे ओळखीचे. गटात मात्र कुणाचा पुण्याचा मेहुणा आला, कुणाची सुरतेची आत्या, आणि कुणीच कुणाचं तोंड न पाहिलेली जत्रा जमली.

मंदिरातही हौशी माणसं होतीच की. पण तिथं भजनच त्यांचा बंदोबस्त करतं. तुम्ही स्वतःचाच अभंग पुढं रेटला आणि मागच्यांनी उचलला नाही, तर दुसऱ्या चरणाला आवाज आपोआप खाली येतो. वीणेकऱ्याला तोंडानं काही बोलावं लागत नाही. पखवाजवाला नुसता मान वर करून बघतो, तेवढं पुरतं. फोनवर ही मान वर करून बघायची सोय नाही. मागच्यांनी नाही उचललं तर पुढचा गप्प बसत नाही, उलट आणखी एक टाकतो.

तेराव्या अध्यायाच्या वेळी याची गंमत झाली. त्यात अमानित्वाचं, म्हणजे मानाची हाव नसण्याचं, वर्णन येतं. बृहस्पतीएवढं सगळं जाणणारा माणूससुद्धा मोठेपणाच्या भीतीनं वेडेपणात दडून बसतो, असं माउली सांगतात. ज्या पहाटे हा भाग वाचला, त्याच पहाटे एका सभासदानं आपल्याला स्वप्नात कुणी कुणी दर्शन दिलं याचा तिसरा भाग टाकला. म्हणजे तिकडं मोठेपण नको म्हणून वेड पांघरायचं, इकडं मोठेपण हवं म्हणून. मी दोन्ही मजकूर एकाखाली एक बघत बसलो आणि समोर गिऱ्हाईक सोयाबीनच्या बॅगेचा भाव विचारू लागलं होतं.

आता करायचं काय? गटात उत्तर द्यायचं नाही, हे पहिलं. चांगलंही नाही, वाईटही नाही. समजूत घालणारा आणि भांडणारा, दोघंही रुसलेल्याला हवं तेच देतात, लक्ष. मी फोन लावतो. मागच्या खेपेला काकांना लावला.

"काका, जेवण झालं का?"

"जेवण कशाचं? मला कामून असं केलं त्यांनी?"

"कुणी काय केलं?"

"कुणीच काही केलं नाही, तेच तर!"

काकांनी आदल्या रात्री स्वतः चाल लावलेल्या अभंगाचा अकरा मिनिटांचा आवाज टाकला होता आणि त्यावर एकाचाही अंगठा आला नव्हता. सगळं रामायण तेवढ्यावरून. मी तो अभंग ऐकला नव्हता, म्हणून फोनवरच म्हणायला लावला. म्हटला त्यांनी. आवाज फुटतो वर गेला की, पण चाल बरी होती. त्या दिवशी संध्याकाळी काका परत गटात 'सुप्रभात'.

दुसरं म्हणजे नियम सगळ्यांना एकच. आता पहाटे पाच ते सात फक्त वाचणाऱ्याचा आणि अर्थ सांगणाऱ्याचा आवाज, एरवी गट फक्त अ‍ॅडमिनसाठी उघडा. त्यात माझ्या सख्ख्या मेव्हण्याचाही मजकूर मी खोडला, तेव्हा कुठं लोकांना पटलं. एकाला मात्र काढावंच लागलं. तो बायांना वेगळे निरोप पाठवायचा, 'तुमच्यावर माझी दृष्टी आहे, साधना वाढवा' असे. दोघींनी मला दाखवलं त्याच रात्री काढला. नंतर त्याचा मला निरोप: 'रोज पसायदान म्हणता आणि भक्ताला हाकलता?' पसायदानात खळांचा वाकडेपणा जावा असं मागितलंय, खळांना अ‍ॅडमिन करा असं नाही. हे मी त्याला लिहिलं नाही, इथं लिहितोय.

पण सगळ्यांना एका मापानं मोजू नये. हा नियम यायच्या आधी एक तरुण पोरगा होता, एरवी अबोल. एका आठवड्यात त्याचं लिहिणं बदललं. रात्री दोन, तीन, चार, कधीही मजकूर. एक वाक्य दुसऱ्याला लागत नाही. झोप लागतच नाही म्हणे, गरजही वाटत नाही. आपल्याला आज्ञा झाली आहे, गावाला सभामंडप बांधून देणार. गटात निम्मे 'धन्य धन्य' म्हणत होते, निम्मे हसत होते. झोप उडणं, बोलणं धावत सुटणं, अचानक मोठमोठे वायदे, हे तिन्ही एकदम दिसलं की ती भक्तीची पायरी समजून हार घालू नये. मी त्याच्या थोरल्या भावाला गाठलं आणि म्हटलं, डॉक्टरला दाखव. सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, तो नंबर दिला. घरचे आधी नजर उतरवून आले, मग दवाखान्यात गेले. ठीक आहे, गेले हे महत्त्वाचं. पोरगा आता बरा आहे आणि गटात नाही. तेच बरं.

आमच्या भागाला हा विषय नवा नाही. तेरला गोरोबाकाकांनी कुंभाराचं थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट कीर्तनात शंभरदा ऐकली. नामदेव रुसले, पंढरपूरला जाऊन विठ्ठलाकडं गाऱ्हाणं केलं. मला त्यातला पुढचा भाग आवडतो. मागं कुणी समजूत काढायला गेलं नाही. आणि विठ्ठलानंही 'असू दे रे बाळा' केलं नाही, सरळ औंढ्याला विसोबा खेचरांकडं गुरू करायला धाडलं. नामदेवही गेले. आमच्याकडं कच्चं म्हटलं की माणूस औंढ्याला जात नाही, दुसरा गट काढतो आणि त्यात आपल्यालाच न विचारता घालतो.

काकांना आम्ही यंदा काम दिलंय. दुसऱ्या दिवशी कुणाची पाळी आहे ते बघून त्याला फोन करून आठवण करायची. लै मनावर घेतलंय त्यांनी. वही केली आहे, रकाने आखले आहेत, 'घसा बसला' असे शेरे मारले आहेत. शेवटचा राम कृष्ण हरी अजून तरी आलेला नाही. तक्रार आता वेगळीच आहे: ते आठवण पहाटे साडेतीनला करतात. पुण्याच्या मेहुण्यानं मला दोनदा सांगितलं. साडेचारच्या आत कुणाला उठवू नका, हे त्यांना सांगायचंय, पण गटात नाही आणि फोनवरही नाही. सोमवारी युरिया न्यायला येणार आहेत, तेव्हा चहा मागवून सांगीन.