बिनचुलीचा पाहुणचार

आमच्याकडं पाहुणा आला आणि गॅस पेटला नाही, तर ती भेट कुणी हिशेबात धरत नाही. बाहेर पारा बेचाळीसवर असो, लाइट गेलेली असो, पाहुणा स्वतः हात जोडून "काही करू नका" म्हणत असो. कढईत पोहे पडतातच, नाही तर सुशीलासाठी, म्हणजे फोडणीच्या ओल्या मुरमुऱ्यांसाठी, मुरमुरे भिजत पडतात. "जेवून आलोय" असं म्हणायची पाहुण्याला मुभा आहे, त्यावर विश्वास ठेवायची यजमानाला नाही. मग एक बाई आत फोडणीपुढं, दुसरी बाहेर पंख्याखाली, आणि दोघींच्या गप्पा मधल्या भिंतीवरून. आमच्या वन्सं नांदेडला असतात. त्यांच्या पोरीचं लग्न कसं जमलं, हे निम्मं मी कांदा चिरता चिरता ऐकलं आणि उरलेलं निम्मं मोहरीच्या तडतडीत गेलं.

म्हणून उन्हाळ्यात मी आता परात मांडते. शिजवायचं, तळायचं, परतायचं काहीच नाही. फळं, काकडी, मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खोबरं आणि मधोमध तिखट-मिठाची वाटी. परात बैठकीत सतरंजीवर ठेवायची आणि आपणही तिथंच मांडी घालून बसायचं.

पुण्याला शिकणारी पुतणी याला प्लॅटर म्हणते. तिनं मोबाइलवर फोटो दाखवले होते. हातभर लांब लाकडी फळी, तिच्यावर चीजचे तुकडे, स्ट्रॉबेऱ्या, कसलीशी बिस्किटं, मधेच रोझमेरीची काडी खोचलेली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा लावून ती फळी नीट पाहिली आणि विचारलं, "एवढं मोठं पोळपाट हाय तर त्याच्यावर पोळ्या कामून लाटंनात?" पुतणी हसली, पण मला तो प्रश्न रास्त वाटला. सपाट फळीवरून द्राक्ष घरंगळतं, टरबुजाचं पाणी थेट सतरंजीवर येतं. परातीला काठ आहे. चार हात एकदम आत गेले तरी ती हलत नाही.

न शिजवता पाहुणचार करायचा ही कल्पना कुणी बाहेरून आणलीय असंही नाही. संक्रांतीचं सुगड बघा. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, शेंगा, ज्वारीचं कणीस, तीळ. एवढा मानाचा वाण, त्यातलं काहीही चुलीवर चढलेलं नसतं. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शहरं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कौतुक होतं ते पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं आणि आंबिलीचं, आणि व्हायलाही पाहिजे. पण दुपार कलल्यावर माणसं बांधावर बसून खातात ते ढाळे. हरभऱ्याचं झाड मुळासकट उपटायचं, घाटे सोलत बसायचं, जिभेला ती आंबट-खारट चव लागत राहते आणि बोलणं चालू. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गौरीपुढं टरबुजाचं कमळ कापतात, भिजवलेल्या हरभऱ्यानं ओटी भरतात. पन्ह्यातली कैरी तेवढी उकडलेली असते, पण ते सकाळीच उरकून ठेवलेलं काम.

आणि रमजानात शेजारच्या आपांकडून येणारं ताट. वरचा क्रोशाचा रुमाल काढला की खजूर, टरबूज, केळी, पपईच्या फोडी, कधी नुसत्या, कधी मीठ-मिरपूड भुरभुरलेल्या. भजी-समोसे मागून येतात. रोजा सुटतो तो खजुरानं आणि पाण्यानं. या ताटाची एक गंमत आहे. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं, त्यामुळं रमजान दरवर्षी मागं सरकतो आणि ताटातली फळंही त्याच्याबरोबर सरकतात. २०१८ मध्ये तो ऐन मे-जूनमध्ये होता, तेव्हा आपांच्या ताटात आंबा होता. आता तो द्राक्षांच्या दिवसांत आलाय. २०३० सालात तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा येईल. तेव्हा बोरं आणि जांब, म्हणजे पेरू. एका ताटात सगळे ऋतू फिरून येतील, फक्त तीसबत्तीस वर्षं शेजार टिकवायचा.

परात मांडायला अक्कल लागते ती एकाच गोष्टीची. ओलं आणि कोरडं यांचं पटत नाही. मुरमुरे टरबुजाच्या शेजारी ठेवले की पाव तासात सादळतात, मग ते चावायचे नाहीत, नुसते गिळायचे. फुटाण्यांचंही तेच. म्हणून कोरडं सगळं वाट्यांत, आणि त्या वाट्या परातीत एका अंगाला. जास्त माणसं असतील तर मुरमुऱ्यांसाठी सरळ वेगळी दुरडी.

मुरमुरे लावायचे कसे, हे मात्र सविस्तर सांगते, कारण याच जागी लोक घाई करतात. तेल कच्चं, घाण्याचं, शक्यतो करडीचं. करडी हे आमच्याकडचं रब्बीचं पीक. पूर्वी काटेरी करडी पेरायचे तेही ज्वारीच्या कडेनं, म्हणजे जनावर आत शिरायला धजावत नाही. त्या तेलाला स्वतःचा असा फार वास नसतो, कच्चं खाल्लं तरी घशाशी येत नाही. तर आधी तेल आणि नुसतं तेल. तळहातानं हलकं चोळत सगळ्या मुरमुऱ्यांना लागलं पाहिजे. मग मीठ, मग काळं तिखट, मग शेंगदाणे आणि दाळवं, म्हणजे भाजलेली हरभऱ्याची डाळ. तेल आधी लागलं की तिखट दाण्याला धरून बसतं, तळाशी जमत नाही. शिवाय कांद्याचं पाणी आत शिरायला थोडा वेळ लागतो. कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पाहुणा चपला काढत असताना. त्याच्या आधी नाही, मग तो बसस्टँडवरून फोन का करेना.

टरबूज निवडायचं काम भाऊजींकडं आहे, ते कुणी त्यांना दिलेलं नाही, त्यांनी घेतलंय. गाड्यावर दहा फळं वाजवून बघतात, कान लावतात, मान हलवतात. गाडेवाला त्यांच्या कानाकडं नाही, तोंडाकडं बघत असतो, आणि त्यावरून भाव सांगतो. माझा भरवसा फळाच्या पोटावर. वेलावर असताना फळ ज्या बाजूनं जमिनीवर टेकलेलं असतं तिथं डाग पडतो. तो लोण्यासारखा पिवळा असेल तर फळ वेलावर पिकलंय, पांढरट असेल तर लवकर तोडलंय. आणि आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. फोडी सालीसकट कराव्यात, हातात धरायला बरं. मीठ आधी लावून ठेवू नये. मीठ पाणी ओढून घेतं, आणि परातीत फोडी कमी, डबकं जास्त होतं. काकडीचं आणि वाळकाचंही तसंच. वाटी मधोमध आहेच, ज्याचं त्यानं बुडवून खावं.

जांबाच्या आणि सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात त्यावर लिंबू. चिरल्यावर फळातल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, हवा मिळते आणि रंग बदलतो. लिंबाच्या आंबटपणात त्या विकराचं काही चालत नाही. केळं मात्र कापूच नये. घड ठेवावा, माणसं सोलून घेतात. मे महिन्यात कापलेलं फळ बाहेर तासाभराच्या वर ठेवू नये, म्हणून थोडं थोडंच चिरते. सुरी आणि पाट जवळच असतो. वन्सं आपणहून सुरी ओढून घेतात आणि माझ्यापेक्षा बारीक फोडी करतात, हे मला दाखवायलाच करतात.

मोसंबी जालन्याची. ही संत्र्यासारखी नखानं सुटत नाही, सालीला सुरीच लागते. बरेच जण म्हणतात रस काढ, देखणा दिसतो. पण रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवटायला लागतो. त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होत असतं, ही काही रसवंतीवाल्याची लबाडी नसते. म्हणून मी साल आणि पांढरा पापुद्रा काढून आडव्या चकत्या करते, वर थोडं जिरं-मीठ.

या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. फळांना नाव मिळालं आणि नळाला पाणी नव्हतं, अशा दोन्ही बातम्या एकाच वर्षाच्या पोटात. त्याच्या तीनचार वर्षं आधी, २०१२-१३च्या दुष्काळात, जालना भागात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या होत्या. तेव्हापासून लागलेली सवय आहे, फळं वाहत्या नळाखाली धुवायची नाहीत. पातेल्यात पाणी घ्यायचं, त्यात बुडवून चोळायची, आणि ते पाणी दारातल्या कढीपत्त्याला. पुण्याची पुतणी नळ सोडून द्राक्षं धुवायला लागली की आत्याबाई नुसत्या खाकरतात.

सीताफळाला इतकं पाणी लागत नाही. बालाघाटच्या डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत ते आपलं आपण वाढतं. अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. 'धारूर ६' हा वाण त्यांचाच. पण सीताफळ हे मे महिन्याचं फळ नव्हे, ते दसरा-दिवाळीचं. तेव्हा परातीचं रूपच वेगळं होतं. त्याला सुरी लावायची नाही. डोळे उघडले, म्हणजे सालीवरच्या खवल्यांमधल्या रेषा रुंद होऊन पिवळसर-गुलाबी दिसायला लागल्या, की ते तयार होत आलं. कडक असेल तर ज्वारीच्या पोत्यात सरकवून ठेवायचं. फ्रीजमध्ये कच्चं ठेवलं की साल काळी पडते आणि आत गर धड होत नाही. खायला बसताना दोन्ही अंगठ्यांनी हलकं दाबायचं, ते स्वतःच दोन खापांत उघडतं. प्रत्येकाला बियांसाठी वेगळी वाटी, ही एकच शिस्त. सीताफळ खाताना गंभीर चेहरा ठेवता येत नाही. आमच्याकडं एकदा सोयरीक बघायला आलेले लोक सीताफळ घेऊन बसले होते. तोंडात बिया घोळवत हुंड्याचा विषय काढणं त्यांना काही जमलं नाही.

परातीत गोडाला गुळाचे खडे पुरतात. लातूरच्या आडतीत गुळाला तोटा नाही. कुणी कुंथलगिरीहून आलंच तर तिथले पेढे. चॉकलेटं मी ठेवत नाही. उन्हात वितळतात हे कारण सगळ्यांना सांगते. मला स्वतःला ती ताटात शोभत नाहीत असं वाटतं, ते सांगत नाही.

बसलेल्या माणसाला पोह्यांची बशी दिली तर तो ती संपवतो, "झालं" म्हणतो, आणि घड्याळाकडं बघतो. परातीचं तसं नाही. तिच्यात माझं-तुझं नाही, त्यामुळं संपवायची जबाबदारी कुणावर नसते. शेंग फोडायची, साल बाजूला टाकायची, दोन फुटाणे, मग खोबऱ्याचा काप, मग पुन्हा शेंग. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. एरवी "बरं हाय" या पलीकडं न जाणारे मामंजी शेंगा सोलता सोलता त्यांच्या नोकरीतल्या परभणीच्या दिवसांबद्दल इतकं बोलले की आत्याबाईच चकित. "हे मला कवाच सांगितलं न्हाई ओ तुम्ही!" त्या म्हणाल्या. मामंजींनी आणखी एक शेंग उचलली.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही. औशाच्या मावशींनी परात बघून सरळ विचारलं, "आज उपास हाय का तुमच्याकडं?" मी म्हटलं, मुरमुऱ्यात कांदा आहे, उपास कसला. त्यांनी कांदा असल्याची खात्री करून घेतली, मग तास-दीड तास निवांत खाल्लं, दोनदा मुरमुरे मागून घेतले, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं, आता पिठलं टाक. भाकरी मी थापते." माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाला त्यांनी तिथंच पीठ मळून दाखवलं. पण भाकरी त्यांनी थापल्या, आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून बोललो, तेही बरंच झालं.

उरल्यासुरल्याचं फार काही करावं लागत नाही. मुरमुरे कधी उरत नाहीत. केळी-डाळिंबाची रात्री शिकरण होते, शेंगांची टरफलं कुंड्यांत जातात. टरबुजाच्या हिरव्या साली गल्लीतल्या शेळीच्या, पण मधला पांढरा भाग मी सोलून, किसून ठेवते. सकाळी तो ज्वारीच्या पिठात मिसळून धपाटे लावते. परातीबद्दल आत्याबाई चांगलं-वाईट काहीच बोलत नाहीत. पाहुणे गेल्यावर एवढंच विचारतात, "साली ठेवल्यास न्हवं?"